काठाची कोंबडी: नवशिक्यांसाठी अष्टमी पद्धतीची मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

रोहा आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन काठांवरची दोन गावं. नगरपालिका मात्र एकच. आम्ही अष्टमीच्या काठावर राहतो. काठाच्या कोंबडीचं वेड लागायला याहून योग्य जागा नाही, असं गेली तीन वर्षं मी घरच्यांना समजावतो आहे.

काठाची कोंबडी म्हणजे हौशी लोक जिला ‘लेस्ड’ म्हणतात ती. प्रत्येक पिसाचं पोट एका रंगाचं आणि कडेने दुसऱ्या रंगाची बारीक रेघ. पांढऱ्याला काळी किनार असेल तर रुपेरी काठ, तांबूस पिसाला काळी किनार असेल तर सोनेरी काठ. गळालेलं एक पीस उचलून उन्हात धरा. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर श्वास रोखून जशी रेघ ओढतो, तशी ती रेघ पिसाच्या टोकाला वळसा घालून परत येते. कुठे फाटत नाही, कुठे फुगत नाही. अशी आखणी अंगभर, पिसापिसावर. हे पाहून माणूस एकतर ‘छान आहे’ म्हणून पुढे जातो, नाहीतर त्याचं माझ्यासारखं होतं.

अंडी-मांसाचा धंदा करायचा असेल तर इथेच थांबा. परसातल्या पालनासाठी हैदराबादेत तयार झालेली वनराजा आहे, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आहे. खडकीला सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे आणि रोह्याजवळ किल्ल्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे शहाणी माणसं भेटतात. खालचा मजकूर उरलेल्यांसाठी.

साहित्य

काठाचा कोंबडा: १.

गावठी तलंगा: ८ ते १०. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. एका कोंबड्याला याहून जास्त देऊ नका, नाहीतर निम्मी अंडी फोल निघतात.

खुडूक कोंबडी: १. ही विकत मिळत नाही. हवी असते तेव्हा खुडूक होत नाही आणि नको असते तेव्हा तिघी एकदम होतात.

थर्माकोलचा खोका, थर्मोस्टॅट, थर्मामीटर, जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा आणि ६० वॅटचा पिवळा बल्ब. दुकानदार एलईडी देईल, घेऊ नका. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही.

भाताचं तूस: दोन पोती. रोह्याच्या आसपास भाताच्या आणि पोह्यांच्या गिरण्या असताना तुसाला तोटा नाही.

पेन्सिल, वही आणि भिंतीवरचं कालनिर्णय.

सोशिक नातेवाईक: मिळतील तितके. माझ्याकडे एक आत्या आहे. ती सोशिक नाही.

पायरी पहिली: अंडी आणा

काठाचा कोंबडा आठवडाबाजारात मिळत नाही. तो हौशी पाळणाऱ्यांकडून अंड्याच्या रूपाने येतो आणि ते एका अंड्याला जो भाव सांगतात, तो घरी सांगायचा नसतो. माझी पहिली बारा अंडी कल्याणहून आली. दिव्याला गाडी पकडली आणि रोह्यापर्यंत डबा मांडीवर धरून बसलो. शेजारच्या बाईंनी ‘डब्यात काय?’ विचारलं. मी खरं सांगितलं. पुढचे दोन तास त्यांच्या माहेरच्या कोंबड्यांबद्दल ऐकलं.

अंडी महामार्गाने आणू नका. उबवताना अंडं दिवसातून तीनदा फिरवलं तरी पुरतं. महामार्ग वडखळ ते नागोठणे एवढ्यातच ते तीनशे वेळा फिरवतो.

घरी आणल्यावर अंडी निमुळतं टोक खाली करून २४ तास स्वस्थ ठेवा. प्रवासाने आतली हवेची पोकळी हललेली असते, ती जागेवर बसू द्या. अंडी धुऊ नका. कवचावर पातळ साय असते, ती जंतूंना अडवते. फ्रिजमध्ये तर ठेवूच नका. सावलीतली थंड जागा पुरे, आणि आठवड्याच्या आत बसवा. या २४ तासांत डब्यावर ‘खायची नाहीत’ अशी चिठ्ठी लावा. मी लावली नव्हती. बारांतलं एक अंडं माझ्या भाच्याने सकाळी हाफ फ्राय करून खाल्लं आणि ‘चव काही वेगळी नाही’ असा अभिप्राय दिला.

पायरी दुसरी: तुऱ्याचं गणित शिका

कोंबड्याच्या डोक्यावरचा तुरा ही शोभेची वस्तू आहे असं वाटतं. विज्ञानाच्या इतिहासात तिला मोठा मान आहे. मेंडेलने वाटाण्यावर मांडलेले आनुवंशिकतेचे नियम १९०० साली पुन्हा लोकांच्या हाती लागले आणि १९०२ मध्ये विल्यम बेटसन या इंग्रजाने ते प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवलं, ते कोंबड्यांच्या तुऱ्यावरूनच.

तुरे मुख्यतः चार. एकेरी तुरा: करवतीसारखा, दातेरी, आपल्या गावठी कोंबड्याचा हाच. गुलाबी तुरा: रुंद, चपटा, वर दाणे आणि मागे निमुळतं टोक, काठाच्या वायनडॉट जातीचा हा. वाटाणा तुरा: तीन ओळींचा, बुटका; असील कोंबड्याचा. आणि अक्रोडी तुरा: नावाप्रमाणे अक्रोडाच्या गराएवढा सुरकुतलेला गोळा.

गंमत पुढेच आहे. शुद्ध गुलाबी आणि शुद्ध वाटाणा यांची जोडी लावली तर पिल्लं ना गुलाबी ना वाटाणा, सगळी अक्रोडी निघतात. दोन्ही घराण्यांत अक्रोड कोणाला नव्हता! आणि त्या अक्रोडी पिल्लांची आपसात जोडी लावली की सोळांत ९ अक्रोडी, ३ गुलाबी, ३ वाटाणा आणि १ एकेरी. हिशोब बेटसन आणि त्याचा सहकारी पनेट यांनी मांडला, आणि एकेरी तुरा कुठून आला हे न कळणारे लोक तेव्हापासून शेजारच्या कोंबड्यावर संशय घेतात.

नवशिक्याने यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एक: हे प्रमाण शेकड्याने पिल्लं काढणाऱ्यांसाठी आहे. दहा पिल्लं काढलीत तर तो सोळांतला एक दिसायची शक्यता अर्ध्याहून कमीच. ‘पुस्तक खोटं आहे’ असं दहा पिल्लांवरून म्हणू नका. दोन: शुद्ध गुलाबी तुऱ्याचा कोंबडा दिसायला राजबिंडा, पण बाप म्हणून कच्चा. ज्या जनुकीय उलथापालथीने गुलाबी तुरा होतो, तिनेच त्याच्या शुक्राणूंची चाल मंदावते. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी हे जनुकापर्यंत जाऊन शोधून काढलं. म्हणून एक गुलाबी आणि एक एकेरी असा मिश्र वारसा असलेला कोंबडा बाप म्हणून बरा. दिसायला तोही गुलाबीच असतो, फक्त त्याची काही पिल्लं एकेरी तुऱ्याची निघतात. कुळाची शुद्धता आणि वंशाची वाढ या दोन्ही गोष्टी एकत्र मागू नयेत, हे सांगायला कोंबडाच यावा लागला.

पायरी तिसरी: काठाचं गणित शिका आणि विसरा

तुरा सोपा, काठ अवघड. रेघ पिसाच्या कडेलाच उमटावी, मध्ये पसरू नये, यासाठी तीन-चार जनुकं एका अंगात जमावी लागतात. त्यांतली दोन एकाच गुणसूत्रावर शेजारी राहतात, त्यामुळे बहुधा बरोबरच प्रवास करतात. बाकीच्यांची समजूत काढावी लागते. इंग्लंडमधल्या सर जॉन सेब्राइट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुठीएवढी काठाची कोंबडी घडवली. अमेरिकेत रुपेरी काठाच्या वायनडॉटला १८८३ साली अधिकृत जातीचा मान मिळाला. या लोकांकडे जमिनी होत्या, नोकर होते आणि मुख्य म्हणजे आत्या नव्हती.

काठाचा कोंबडा आणि गावठी कोंबडी यांची पहिली पिढी पाहून रडू नका. तुरे बरेचसे गुलाबी येतील, काठ मात्र विस्कटलेला असेल: कुठे शिंतोडे, कुठे काजळी, कुठे नुसताच तांबडा. काठ हरवलेला नसतो, गाठोड्यात बांधलेला असतो. तो सोडवायचा मार्ग म्हणजे या पिढीतल्या तलंगा पुन्हा काठाच्या बापाकडे लावणे. ही पद्धत जगभर रूढ आहे. घरात मात्र तिचा उच्चार करू नका. मी केला. आत्याने दोन दिवस माझ्याकडे पाहिलं नाही आणि कोंबड्याकडे तर आठवडाभर.

सोन्या-चांदीचा हिशोब त्यामानाने नीटस आहे. रुपेरी रंग सोनेरीवर मात करतो आणि तो लिंगसूत्रावर बसलेला असतो. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. पक्ष्यांत ते आईकडून ठरतं. कोंबडीकडे दोन वेगळी लिंगसूत्रं, कोंबड्याकडे दोन सारखी. म्हणून सोनेरी कोंबडा आणि रुपेरी कोंबडी अशी जोडी लावली की पिल्लं अंड्यातून निघतानाच ओळखू येतात: फिकट लव असलेले नर, तांबूस लव असलेल्या माद्या. खरं तर आपल्याकडे जी चूक पिढ्यान्‌पिढ्या सुनेच्या माथी मारली गेली, ती कोंबडीच्या बाबतीत शंभर टक्के खरी आहे. सगळे नर निघाले तर दोष आईचाच. पण खुराड्यात सासू नसल्यामुळे याची वाच्यता होत नाही.

पायरी चौथी: सोवळं पाळा

ज्या कोंबडीची अंडी घ्यायची, ती आधी तीन आठवडे परक्या कोंबड्यापासून दूर ठेवा. एका भेटीनंतर कोंबडी दहा-बारा दिवस, कधी त्याहून जास्त, फळलेली अंडी देत राहते. आज तुम्ही काठाचा नवरा आणून दिलात, तरी परवाच्या अंड्यात पिल्लू जुन्याचंच असू शकतं.

आता अष्टमीत तीन आठवडे कोंबडी वेगळी ठेवायची म्हणजे काय, ते सांगतो. जाळी लावली. शेजारच्या चाचांचा बोडक्या मानेचा कोंबडा आंब्याच्या फांदीवरून आत उतरला. फांदी तोडली. तो चुलीच्या खोपीवरून आला. मी चाचांकडे तक्रार घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, ‘तुमची कोंबडी बोलावते, माझा काय करणार?’ त्या वर्षी माझ्या वहीत काठाच्या वंशावळीत चार पिल्लं उघड्या मानेची आहेत. उघडी मान हा वरचढ गुण आहे. एका बाजूने आला तरी दिसतो, लपत नाही.

पायरी पाचवी: उबवा

एकवीस दिवस. यात सवलत नाही.

मशीनचा मार्ग: पंखा असलेल्या खोक्यात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल, आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवणं. शाईचं पेन वापरू नका, कवच श्वास घेतं. विषम वेळा फिरवायचं कारण म्हणजे रात्रीचा लांबचा मुक्काम आज फुलीवर झाला तर उद्या गोलावर होतो. अठराव्या दिवशी फिरवणं बंद.

ओलाव्याबद्दल पुस्तकं सांगतात की खोक्यात पाण्याची वाटी ठेवा, पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. ही पुस्तकं कोकणात लिहिलेली नाहीत. अठरा दिवसांत अंड्याचं वजन बारा-तेरा टक्के घटावं लागतं. म्हणजे ५५ ग्रॅमचं अंडं सुमारे ४८ ग्रॅमवर यावं. तेवढं पाणी उडालं तरच आत पिल्लाला पहिला श्वास घ्यायला जागा होते. आषाढात अष्टमीची हवा हीच पाण्याची वाटी. पहिल्या पावसात मी पुस्तकाप्रमाणे वाटी ठेवली आणि सहा पिल्लं कवचाच्या आत, चोच वर करून, बुडाली. तेव्हापासून पावसात वाटी कोरडी, आणि शक्यतो दिवाळीनंतरच अंडी.

शिवाय वीज. ती जाते. किती वेळ जाते हे तिलाही माहीत नसतं. दोन-तीन तास गेली तर खोक्यावर गोधडी टाका आणि झाकण उघडून पाहू नका. अंडी धीर धरतात. रात्रभर गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा आणि घरातल्या खुडूक कोंबडीची माफी मागा.

खुडूक कोंबडीचा मार्ग: हिला वीज लागत नाही. ती कोपऱ्यात अंग पसरून बसते, हात नेला की फुगून गुरगुरते, खायला दिवसातून एकदाच उठते. खुडूकपण मोडायला तिच्या नाकात पीस खुपसणारे लोक आहेत. तसं करू नका. संध्याकाळी अंधार पडल्यावर टोपलीत तुसाचं घरटं करून दहा-बारा अंडी तिच्याखाली सरकवा. आत्या घरट्यात एक लोखंडी खिळा, एक कोळसा आणि एक लाल मिरची ठेवते, गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. शिवाय अंडी मोजून विषम ठेवते. मी तिला विषम वेळा फिरवण्याचं शास्त्र सांगितलं. ती म्हणाली, ‘मंग मी काय येगळं सांगत होते?’

निकालही सांगतो. तीन वर्षांत माझ्या मशीनचं सर्वोत्तम यश बारांत सात. आत्याच्या कोंबडीचं अकरांत दहा.

पायरी सहावी: सातव्या रात्री पाहा

सातव्या रात्री दिवे मालवा. मोबाइलची बॅटरी लावा, मूठ वळून तिच्यावर धरा आणि मुठीच्या भोकावर अंड्याचं रुंद टोक टेकवा. फोल अंडं कागदाच्या कंदिलासारखं नुसतंच पिवळं उजळतं. फळलेल्या अंड्यात तांबूस उजेडात एक काळा ठिपका दिसतो, आणि त्या ठिपक्यापासून चहूकडे लाल शिरा, केसाहून बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. थोडं थांबा. ठिपका हलतो. हाफ फ्राय खाणाऱ्या माझ्या भाच्याला मी हे दाखवलं. तो पाच मिनिटं काही बोलला नाही. हळूच अंडं परत ठेवलं आणि विचारलं, ‘मामा, मी खाल्लं त्यातपण होता?’ त्यानंतर डब्याला चिठ्ठी लावायची वेळ आली नाही.

फोल अंडी काढून टाका. तशीच ठेवलीत तर पंधराव्या दिवसाच्या सुमारास एखादं फुटतं, आणि मग धाटावच्या रासायनिक कारखान्यांच्या वासाला कोणी नावं ठेवत नाही.

पायरी सातवी: पिल्लं वाढवा

एकविसाव्या दिवशी कवचाला तारा पडतो. नंतर पिल्लू बारा तास, कधी त्याहून जास्त, नुसतं पडून राहतं. मदत करू नका. पिल्लू ओलं, भिकारडं, चिंब बाहेर येतं आणि दोन तासांत कापसाचा गोळा होतं. पोटात बलक असतो, त्यावर दोन दिवस निभतं, म्हणून खाण्याची घाई नको. पहिल्या दिवशी गुळाचं पाणी पुरे. पाठीवर खारीसारखे पट्टे असतील तर गावठी बाजू जास्त, हे वहीत लिहा.

पहिला आठवडा ३५ अंशांची ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. ऊब बरोबर आहे का हे पिल्लांनाच विचारा: बल्बखाली गोळा झाली तर थंडी, भिंतीला लागली तर उकाडा, पसरून चिवचिवत असतील तर ठीक. खायला तांदळाची कणी, सुकटीचा चुरा, आणि मडक्यात शेण व पोतं घालून पालथं ठेवलं की दोन दिवसांत जमणारी वाळवी.

पाच ते सात दिवसांची झाली की मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस. डोळ्यात एक थेंब. कुपी शंभर पिल्लांची येते आणि तुमची असतात नऊ. कुपी फोडली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आधी आळीत दवंडी द्या. आमच्या आळीतले सगळे जुने रुसवे लसीच्या दिवशी मिटतात, निदान दोन तासांपुरते. चाचांचा बोडका कोंबडाही माझ्याच हातून लस घेऊन जातो आणि जाताना माझ्या तलंगांकडे पाहून घेतो.

पायरी आठवी: निवड करा (ही सर्वांत महत्त्वाची; वाचताना आवाज करू नये)

आतापर्यंतचं सगळं कोणालाही जमतं. पैदास म्हणजे जोडी लावणं नव्हेच. कोणाला ठेवायचं आणि कोणाला नाही, हे ठरवणं म्हणजे पैदास. आणि हे ठरवणारे घरात तुम्ही एकटे नसता.

माझ्या पहिल्या अकरा अंड्यांतून पाच पिल्लं निघाली, त्यांत दोन नर. एकाचा तुरा वाकडा, काठ धुरकट, एक पाय जरा ओढत चालणारा. दुसरा मात्र जानेवारीत निघाल्यापासूनच वेगळा. जुलैपर्यंत त्याच्या छातीवर अशी आखणी उतरली की मी ड्यूटीवरून आल्यावर आधी त्याला पाहायचो, मग जेवायचो. आषाढ अमावास्येला माझी दुसरी पाळी होती. रात्री साडेअकराला धाटावहून घरी आलो तर अंगणातच वाटणाचा वास आला. पायरीवर चपलांचे सहा जोड. खुराड्यात लंगडा एकटाच बसला होता.

मी आत्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. वडे तळता तळता म्हणाली, ‘पाव्हणे आले व्हते. त्यांना काय लंगडा कापून घालू?’

मी जेवलो. चव काही वेगळी नव्हती.

त्या रात्री मला जे कळलं ते बेटसनच्या लिखाणातून कळलं नसतं. आपल्या गावागावांत शेकडो वर्षं पैदास चालू आहे, फक्त उलटी. सर्वांत दांडगा कोंबडा पाहुण्याला. त्याच्या खालचा राखणीला, शेताच्या देवाला. तिसरा बाजारात, कारण शाळेची फी भरायची असते. उरतो तो, जो मुंगसालाही नको होता. पुढच्या वर्षीच्या सगळ्या पिल्लांचा बाप तोच. मग आपणच म्हणतो, गावठी कोंबडी बारीक राहते, वाढत नाही, जातच तशी. जात तशी नाही. तशी ती आपण पाहुणचाराने केली आहे.

म्हणून नियम सोपा आहे आणि पाळायला फार कठीण: चांगला राखा, कमी खा, वाईट आधी खा. पोपटीच्या दिवसांत मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीच्या पाल्यात जो कोंबडा जाईल, तो तुमच्या वहीतल्या यादीच्या तळाचा असला पाहिजे. चांगल्याच्या पायात रंगीत कडी घाला, घरच्यांना दाखवून ठेवा: लाल कडीला हात लावायचा नाही. आमच्याकडे आता लाल कडी म्हणजे जावई, असं आत्याच सांगते.

शंकासमाधान

लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते का?

नाही. पण सांगणाऱ्याशी वाद घालू नका. निम्म्या वेळा तो बरोबर ठरतोच.

कोंबडा पहाटे तीनला आरवतो. शेजाऱ्यांसाठी त्याला झाकून ठेवू का?

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण आहे. विज्ञान पुढचं सांगतं: कोंबडं झाकलं म्हणून आरवायचंही राहत नाही. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की सतत मंद उजेडात ठेवलं तरी कोंबडा आपल्या आतल्या घड्याळाप्रमाणे पहाटेआधीच आरवतो. शेजाऱ्यांना अंडी द्या.

फणसाडच्या रानातला रानकोंबडा आणून जोडी लावू का?

वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे आणि तुरुंगात कोंबड्या पाळू देत नाहीत. शिवाय त्याची गरज नाही. तुमच्या कोंबडीच्या पिवळ्या तंगड्या पाहा. पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून आली. पण कातडीचा पिवळा रंग तिला आपल्या सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याच्या वंशाकडून मिळाला, असं २००८ च्या एका अभ्यासात दिसलं. जगभरातल्या पिवळ्या पायाच्या कोंबड्यांना आपल्याच बाजूच्या रानाचा वारसा आहे. याहून जास्त मागणं हावरटपणा होईल.

कडकनाथ मिसळला तर?

झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे नाव मोठं आहे. काळेपणाचा गुण जोरकस आहे. मिसळलात तर काठ, तुरा, कातडी सगळ्यावर काजळी धरेल. काळं हवं तर काळं पाळा, काठ हवा तर काठ. दोन दगडांवर पाय ठेवून कोंबडीसुद्धा उभी राहत नाही.

एक पिल्लू उलट्या पिसांचं निघालं. संध्याकाळी एक अनोळखी माणूस दुप्पट पैसे घेऊन दारात आला. देऊ?

देऊ नका. उलटं पीस हा एका जनुकाचा खेळ आहे, त्यात करणी नाही. त्याला चहा पाजा आणि जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, एवढं बोलता बोलता सांगा. तो चहा अर्धा टाकून जाईल.

तिसऱ्या वर्षाअखेरचा हिशोब

एकूण अंडी बसवली ९४. पिल्लं निघाली ५३. मुंगूस, घार आणि एक धामण यांनी मिळून नेली ११. नीट काठ आणि नीट गुलाबी तुरा असलेल्या कोंबड्या: २. कोंबडा: १, त्या लंगड्याचा नातू. काठ लंगड्यानेच पुढे नेला, कारण उरला तोच होता. सुदैवाने पाय त्याने नेला नाही.

दोन काठाच्या कोंबड्यांतली एक सध्या खुडूक आहे. तिच्याखाली अकरा अंडी आहेत, खिळा, कोळसा आणि मिरची आहे. कालनिर्णयवर एकविसाव्या दिवसाभोवती गोल आहे. तो या वेळी मी नाही, आत्याने काढला.

रोह्याकडे आलात तर पूल ओलांडून अष्टमीला या. कोंबड्या दाखवीन, एक गळालेलं पीस देईन, जेवायला वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी मिळेल. कोंबडा मागू नका.